जाड दळण

औरंगाबाद,
१२ ऑगस्ट १९९८

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईच्या पत्रावरून कळले, की तीन महिने झाले तरी हातावरचा नायटा हटत नाही. बाबा, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण तुम्ही गोळ्या घेतच नसाल. मी पाठवलेली पेटी आमच्याच कारखान्याची आहे. हे औषध सहजी विरघळत नाही, म्हणून आम्ही ते मैद्यासारखे बारीक दळतो, तेव्हा कुठे अंगी लागते. त्या दळणयंत्रावर मीच असतो. पोरगं शिकून गिरणीवालं झालं, अशी तुम्हीच थट्टा करता ना? तेव्हा औषधाला बोल लावू नका. डॉक्टरांना खरे ते सांगा.

रागावलो तरी लोभ कमी करू नये.

आपला,
आदेश


देवळी,
२५ ऑगस्ट १९९८

चि. आदेशास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तुझ्या धाकट्या बहिणीने, आचलने, मोठ्याने वाचले. शेजारचा तानबा बसलेला होता. तुझ्या बाबांनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन, गोळ्या मीच चुकवल्या, असे सांगून आले. डॉक्टर यांना चार लोकांत बोलले. खोटं काऊन सांगितलं म्हणून मी विचारले, तर म्हणाले, पोराच्या गोळीले नाव नाई ठेवत मी.

अरे, डॉक्टरांनी सांगितले तसे रोज वरणात तूप घालून जेवायचे आणि मग गोळी घ्यायचे. डॉक्टरांना दाखवायला जपलेल्या रिकाम्या पट्ट्या सोबत पाठवते आहे, यांना ठाऊक नाही. बाजारात यांच्या हातची वांगी कोणी घेत नाही, म्हणून आता तराजू मी धरते.

जिवाला जप.

तुझी,
आई


औरंगाबाद,
४ सप्टेंबर १९९८

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पट्ट्यांवरचा क्रमांक नोंदवहीत शोधला. त्या दिवशी यंत्रावर मीच होतो. त्याच मालातल्या, कारखान्यात राखून ठेवलेल्या गोळ्या तपासायला लावल्या. गोळी पाण्यात फुटली, पण भुकटी रव्यासारखी तळाशी बसून राहिली. दळणयंत्राची चाळणी मध्येच फाटली होती, जाड दळण तसेच पुढे गेले. तपासणीचा नमुना त्याआधीच घेतलेला. काम संपल्यावर चाळणी काढून पाहायची असते. मी न पाहताच सही केली होती.

साहेबांना सगळे सांगितले. माल परत मागवत आहेत आणि मला घरी बसवले आहे. आणखी किती जणांनी त्या गोळ्या घेतल्या असतील, कोण जाणे. सर्वांत जास्त लाज तुमची वाटते. तुम्ही माझ्यासाठी खोटे बोललात आणि मी तुम्हाला खोटे ठरवले.

पुढच्या रविवारी येतो. सोमवारी दवाखान्यात आपण दोघे जाऊ. त्याच चार लोकांत डॉक्टरांना मी सांगेन. तानबाकाकांनाही बोलावून ठेवा.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असू द्यावा.

आपला,
आदेश