झाकलेल्या पाटीची गुहा

दि. ४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सोबतची पुडी जपून उघड. आत वीस बाजूंचा फासा आहे. घरंगळून कपाटाखाली गेला तर तो तुझ्या बसस्थानकावरच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर जमा व्हायचा, आणि मला ओळख पटवून सोडवून आणावा लागायचा.

काम असं आहे. मी ज्यांच्यासाठी खेळ लिहिते त्या छापखानेवाल्या गृहस्थांना अगदी नवशिक्यांसाठी एक मोहीम, म्हणजे खेळायची गोष्ट, हवी आहे. अट एवढीच की ज्याने असला खेळ जन्मात पाहिलेला नाही, अशा माणसाकडून ती आधी खेळवून घ्यायची. ती पसंत पडली तर ते मला कायमचं काम देणार आहेत. तुझ्याइतकी कोरी पाटी माझ्या ओळखीत दुसरी नाही, रागावू नकोस.

खेळ सोपा आहे. मी सूत्रधार, म्हणजे गोष्ट सांगणार. तू गोष्टीतलं एक माणूस व्हायचंस आणि काय करतेस ते मला लिहायचंस. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. बारा किंवा वर पडले तर जमलं. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी हरत नाही. फोनवर नको, पत्रानेच खेळू. तू कुठे अडलीस ते मला नंतर शांतपणे वाचता येईल.

तर ऐक. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे, तिथे साथ आली आहे. माणसाला ताप भरतो, नखं निळी पडतात, आणि झोपला की तो उठतच नाही. औषध फक्त डोंगरातल्या एका चेटकिणीकडे आहे आणि ती ते कुणाला देत नाही. तू योद्धा, जादूगार, चोर किंवा वैदू होऊ शकतेस. कोण होतेस?

हे सगळं खरं तर आईलाच विचारायचं होतं, औषधांतलं तिला किती कळतं. पण मी तिचं औषधांचं दुकान सोडून इथे खोली घेतल्यापासून तिने अबोला धरला आहे तो धरलाच आहे. फोन केला तर गिऱ्हाईक आहे म्हणते आणि ठेवते. मला माझं काम आवडतं, मावशी, पण ती बोलत नाही हे आतून खात राहतं. असो. लवकर लिही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
भिंगरी

दि. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं, फासाही पावला. तो मी खिडकीवर घेऊन गेले होते. आमचे साहेब म्हणाले, हा कुठल्या बसमध्ये सापडला? मी म्हटलं, हा माझा आहे, आणि ते इतके चकित झाले की विचारू नकोस. या खिडकीवर माझी स्वतःची अशी वस्तू त्यांनी प्रथमच पाहिली.

चोर मी होणार नाही, नोकरी जायची. जादू माझ्याच्याने निभणार नाही आणि वैदू व्हायचं तर तुझी आई मला घरात घेणार नाही. तेव्हा योद्धा. पण तलवार नको, काठी दे आणि एक मोठी पिशवी दे. मला काठीवाली म्हण.

आता माझे प्रश्न. गावातले लोक पाणी कुठून भरतात? आजारी माणसांजवळ कोण बसतं? आणि चेटकीण औषध देत नाही, ते का? तू लिहिलंस की देत नाही, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. आमच्याकडे छत्री न्यायला आलेला माणूससुद्धा आधी अर्धा तास आपली कहाणी सांगतो.

निघाले बाई एकदाची. वाटेत तू ओढ्यावरचा मोडका पूल घातला असशील, म्हणून न विचारताच फासा टाकला. चौदा पडले. पूल नसेल तर हे चौदा पुढे कुठेतरी लाव.

काल ताई, म्हणजे तुझी आई, येऊन गेली. तुझं नाव काढलं नाही. पण टपाल हल्ली वेळेवर येतं का असं दोनदा विचारलं. ती तुझं पाकीट बघून विचारत होती हे मला कळलं, आणि मला कळलं हे तिलाही कळलं. आम्ही दोघी मग हवेवर बोललो.

जेवणाकडे लक्ष दे. माया आहेच, मागायला नको.

तुझी मावशी

दि. १४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू पहिल्याच पत्रात मला घाम फोडलास. पाणी कुठून भरतात हे मी ठरवलंच नव्हतं. आता ठरवलं, ओढ्यातून भरतात, आणि साथ त्याच ओढ्यातून आली आहे. हे मूळ मोहिमेपेक्षा बरं झालं. पूल होताच, मोडकाही होता. तुझे चौदा तिथेच लागू पडले.

काठीवाली पूल ओलांडून डोंगर चढते. वर एक गुहा आहे. दारावर एक लांब पाटी आहे, पण ती कापडाने झाकून दोरीने बांधली आहे. दार अर्धवट उघडं. आत भिंतभर छोटे छोटे कप्पे, प्रत्येकाला चिठ्ठी. समोर लाकडी फळी, फळीपुढे एक स्टूल. फळीमागे चेटकीण बसली आहे आणि कसल्याशा गोळ्या मोजते आहे. मोजता मोजता बाहेर जरा खट्ट झालं की पुन्हा पहिल्यापासून मोजते. शेवटी ती पुडीचा दोरा दातांनी तोडते, हातावर डोकं टेकते आणि पेंगते. तिच्या कोपराशी एक निळी बाटली आहे. तेच औषध.

काठीवाली काय करते? घाबरू नकोस, इथे चुकायला फारसं काही ठेवलेलं नाही. नवशिक्यांसाठीच आहे.

पत्राची वाट पाहते. तुझ्या साहेबांना फासा मिळू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

दि. १९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काठीवाली बाटलीला हात लावत नाही.

मला माहीत आहे तुला काय हवं होतं. मी चोरपावलांनी जायचं, फासा टाकायचा, बाटली पिशवीत घालून पळायचं. पण इतकी वर्षं खिडकीवर बसून माझी जीभ अशी वळली आहे की वस्तू समोर दिसली तरी आधी तोंडातून निघतं, ही कुणाची? आणि इथे तर मालकीण समोर बसली आहे. ती झोपली आहे म्हणून वस्तू बेवारशी होत नाही. तेव्हा काठीवाली मागे फिरते, बाहेर येते आणि रीतसर दार वाजवते.

दार वाजवता वाजवता ती वरची पाटी बघते. त्या कापडाखाली काय लिहिलं आहे ते मला कळव.

आता खेळाबाहेरचं. भिंगरे, ही चेटकीण माझी बहीण आहे. गोळ्या मोजताना मध्ये शिंकलं तरी पहिल्यापासून मोजणारी आणि दोरा दातांनी तोडणारी बाई मी जन्मापासून ओळखते. आजारी गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या त्या स्टुलावर मला लहानपणी बसू दिलं नाही म्हणून मी रडले होते. तुझं पत्र वाचताना आधी मला इतकं हसू आलं, आणि मग आलं नाही. तू हे मुद्दाम केलंस की आपसूक झालं?

थंडी जाते आहे, तरी बाधते. सांभाळून राहा.

तुझी मावशी

दि. २३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आपसूक झालं. शपथेवर सांगते. तुझं पत्र वाचून मी मोहिमेचे कागद पुन्हा काढले आणि कपाळाला हात लावला. मी सगळं दुकान उचलून डोंगरात नेऊन ठेवलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. वर तिला चेटकीण म्हटलं. त्या गृहस्थांच्या हाती हे पडलं असतं आणि छापून आलं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं?

पाटीचं विचारलंस. ती मात्र मला ठाऊक होती, फक्त कुठून आली हे मी स्वतःशी कबूल करत नव्हते. जानेवारीत मी बसने दुकानावरून गेले. उतरायचं ठरवून गेले होते. तर दारावर नवी लांब पाटी, आणि ती कापडाने झाकलेली. मी उतरलेच नाही. तिने दुकान विकलं असेल, नव्या माणसाने आपलं नाव लावलं असेल, असं वाटलं. तेव्हापासून कुणाला विचारायचा धीर होत नाही. कापडाखाली काय आहे ते मला माहीत नाही, मावशी. सूत्रधारालाच माहीत नाही. तुला ठाऊक असेल तर सांग.

आता खेळ. दार वाजवण्यासाठी नियमच नव्हता, तो तुझ्यासाठी आज लिहिला. चेटकीण जागी होते आणि दाराशी येते. तिने तुझं ऐकून घ्यावं यासाठी फासा टाक. बारा किंवा वर. खरं सांगायचं तर मीच इथे श्वास रोखून बसले आहे.

तुझी,
भिंगरी

दि. २८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

एक पडला.

वीस बाजू असताना नेमका एक पडावा याला काय म्हणावं. पुन्हा टाकायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू, पण तू हे सगळं तपासायला देणार आहेस. तेव्हा चेटकिणीने काठीवालीच्या तोंडावर दार लावून घेतलं. ठीक आहे. काठीवाली पायरीवर बसते. पिशवी मांडीवर घेते आणि बसून राहते. आमच्या खिडकीवर आम्ही हेच करतो. लोकांना वाटतं आम्ही वस्तू सांभाळतो. आम्ही वाट पाहतो, त्याचाच पगार घेतो. हे तुझ्या नियमांत बसत नसेल तर नियम वाढव.

पाटीवर काय आहे ते मला ठाऊक आहे, आणि मी सांगणार नाही. ती माझी वस्तू नव्हे. मी ती भलत्याच्या हाती दिली तर इतक्या वर्षांची नोकरी फुकट गेली म्हणायची.

एक गोष्ट मात्र मी केली आहे, ती ऐक आणि मग हवं तेवढं भांड. काल ताई आली. फासा टेबलावर होता. हे काय म्हणाली, मी म्हटलं खेळ आहे. कसला म्हणाली, मी म्हटलं साथीचं औषध शोधायचा. मग तिने जे प्रश्न सुरू केले ते थांबेचनात. कसली साथ, लक्षणं काय, औषध पोटात घ्यायचं की लावायचं, हे कुणी लिहिलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ती विचारायच्या आधीच जाणून होती. तेव्हा मी तुझी सगळी पत्रं तिच्यापुढे ठेवली. तुला विचारायला हवं होतं. पण चेटकीण जिची आहे तिला ती दाखवली, एवढंच मी म्हणेन.

तिने चष्मा पुसून पहिल्यापासून वाचलं. जानेवारीच्या बसचं वाचलं तेव्हा पत्र खाली ठेवलं. मी चहा केला, तो तिने गार केला. मग फासा उचलून पर्समध्ये टाकला आणि गेली. म्हणजे आता माझ्याकडे फासा नाही. पुढची खेळी माझी नाही.

काळजी करू नकोस, असं लिहिते आणि स्वतः करत बसते.

तुझी मावशी

दि. १ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

धाकटीने, म्हणजे तुझ्या मावशीने, तुझी मोहीम वाचायला दिली. बऱ्याच चुका आहेत, त्या आधी सांगते. एका बाटलीत अख्खं गाव बरं होत नाही. लहान मुलाला किती द्यायचं आणि म्हाताऱ्याला किती, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. काठीवाली भर उन्हात बाटली घेऊन डोंगर उतरणार, तोवर औषध नासून जाणार. आणि ओढ्याचं पाणी उकळायला अजून कुणी सांगितलेलं नाही. लोक आधी तेच पितील आणि मग तुझं औषध घेतील. छापायच्या आधी हे नीट करून घे. तू माझ्याकडे शिकलेली आहेस, लोकांना कळलं तर मलाच बोल लागेल.

चेटकीण औषध देत नाही असं तू लिहिलंस आणि कारण दिलं नाहीस. धाकटी म्हणते ते बरोबर आहे, कारण हवं. मी त्यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, ती कुणाला तरी सगळे कप्पे दाखवून ठेवणार होती. कुठे काय आहे, कशात काय मिसळतात. ते माणूस निघून गेलं. मग कुणी दार वाजवलं की तिला राग येऊ लागला, की हे ते नव्हे. असं काहीतरी लिही. तुला माझ्यापेक्षा चांगलं लिहिता येईल.

धाकटी सांगते, ती काठीवाली बाई अजून पायरीवर बसून आहे, तिला तसंच ठेवणं बरं नव्हे. म्हणून मी फासा टाकला. सात पडले. धाकटीला फोन केला तर म्हणाली जमलं नाही, बारा हवेत. मी म्हटलं, दार माझं, ते उघडायला मला फासा कशाला लागतो? उघडलं. बाईला आत घेऊन स्टुलावर बसवलं आणि जेवलीस का विचारलं. मग बाटली दिली नाही, औषध कसं करतात ते शिकवलं, म्हणजे गावात जाऊन तिला चार जणांना शिकवता येईल. माझी मोहीम इथे संपली.

आता पाटीचं. दुकान विकलेलं नाही. ती पाटी तू जायच्या आधी मी रंगवायला टाकली होती. तुला दाखवून चकित करायचं मनात होतं. रंगारी घेऊन आला तेव्हा तू गेलेली होतीस. परत पाठववेना आणि बघवेना, म्हणून कापड बांधलं. 'आई आणि मुलगी, औषधविक्रेत्या' असं होतं. परवा रंगाऱ्याला बोलावलं आणि 'औषधविक्रेत्या' पुसून 'औषधांचे दुकान' करून घेतलं. तू इथे बसणार नाहीस हे मला कळलं आहे, आणि पुन्हा सांगायला लावू नकोस. बाकीचं तसंच ठेव म्हटलं. तो म्हणाला, मुलगी तर दुकानात दिसत नाही. मी म्हटलं, दुकानात नाही, पण आहे.

कापड काढलं आहे. बसमधून वाचता येतं, मी पलीकडच्या थांब्यावर उभी राहून पाहिलं. रविवारी ये. यायचं की नाही यासाठी मात्र फासा टाकायचा नाही.

लोभ होता तिथेच आहे.

तुझी आई