परिशिष्ट ग आणि मंगळवारची फेरी

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेसी,

थोरल्या मेहुण्याचा सविनय नमस्कार. आम्ही सर्व येथे कुशल आहोत असे लिहिण्याची रीत आहे. वस्तुस्थिती पुढे यथाक्रम येईलच. आपल्या कंबरेचे दुखणे कोठवर आले? पट्टा बांधता, की दाराच्या कडीला नुसताच लटकवून ठेवता? वहिनींचा रक्तदाब उतरला असल्यास आकडा अवश्य कळवावा. (वरचा आणि खालचा, दोन्ही. मागील पत्रात आपण केवळ 'बरा आहे' असे लिहिले होते. 'बरा' हे मोजमाप नव्हे.)

प्रारंभीच एक बाब स्पष्ट करतो. धाकटे साडू हे जसे माझे साडू तसेच आपलेही मेहुणे, त्यामुळे त्यांच्याविषयी मी जे लिहीन ते समतोल बुद्धीने लिहीन. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र असूया नाही. जो आपल्यापुढे गेला त्याच्याविषयी असूया वाटते. साडू पुढे गेलेले नाहीत, ते फक्त आधी पोहोचतात. त्यांनी पूर्वी कोंबड्या पाळल्या, त्या एका पंधरवड्यात आटोपल्या. नंतर व्यायामशाळा काढली, तिचा उपयोग त्यांच्याखेरीज कोणी केला नाही. (दंड मात्र खरोखर कमावले आहेत, हे न्यायबुद्धीने मान्य करतो.) तीन वर्षांपूर्वी कर्जाने गाडी घेऊन ते त्या फोनवरून टॅक्सी पुरवणाऱ्या कंपनीत शिरले, आणि तेव्हापासून घरात कोणताही विषय निघाला तरी तो त्यांच्या गाडीच्या थंडगार हवेपाशी येऊन थांबतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, जुन्या पोस्टासमोरच्या टॅक्सी स्टँडचा एकोणीस वर्षे मानद चिटणीस, आणि ज्येष्ठतेने थोरला जावई. माझ्या गाडीत खिडकीची काच खाली करण्याची सोय आहे. तिचा उल्लेख कोणी करीत नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्या मातोश्रींना (मी त्यांना आईच म्हणतो) दर मंगळवारी गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात जावे लागते, हे आपणास ठाऊक आहे. अकरा वर्षे त्या माझ्या टॅक्सीतून गेल्या. दहा वाजून दहा मिनिटांनी मी दारात. अकरा वर्षांत दोनदा उशीर झाला. एकदा चार मिनिटे, आणि एकदा, पूल बंद असल्यामुळे, नऊ. प्रवासी आत असताना मीटर बंद ठेवणे नियमबाह्य असल्यामुळे मी मीटर टाकूनच नेत असे. भाडे अर्थातच कधी घेतले नाही. (तरी उतरताना मीटरकडे पाहून त्या दर वेळी 'बाई गं!' म्हणत, आणि मला विनाकारण अपराध्यासारखे वाटे.) मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी मी दहा-दहाला पोहोचलो, तर आई दहा-पाचलाच निघून गेल्या होत्या. कोणाबरोबर, हे निराळे सांगावयास नको. मी जिन्यात पाऊण तास थांबलो. परत आल्यावर त्या अत्यंत प्रसन्न होत्या.

"अहो, तो येताना दिसतो," म्हणाल्या. "फोनवर एवढीशी गाडी असते. सरकत सरकत येते. वळली, थांबली, पुन्हा निघाली, सगळं दिसतं. करमणूक होते हो!"

"पण आई, मी अकरा वर्षे येतोच आहे."

"तुम्ही येता हो. पण येताना दिसत नाही ना तुम्ही!"

यावर कोणता युक्तिवाद करावा, हे आपणच सांगा. मी चौकशी केली तेव्हा समजले की, फोन सर्वांत जवळची गाडी पाठवतो, म्हणून साडू मंगळवारी आईंच्या दारापासून दोन गल्ल्या अलीकडे दबा धरून बसतात. अगदी दारात उभे राहिले तर गाडी सरकताना दिसणार नाही, आणि आईंची करमणूक बुडेल. याला मी धंदा म्हणत नाही, नाटक म्हणतो.

स्पर्धा नियामक आयोगाकडे मी जी तक्रार दाखल केली तिचा या घटनेशी काही संबंध नाही. ती निखळ सार्वजनिक हिताची होती. कंपनी प्रथम तोटा सोसून अतिस्वस्त भाडे लावते, स्टँड ओस पाडते, आणि मैदान मोकळे झाले की मनास येईल तशी दरवाढ करते. शिवाय आम्हांला परवाना, ठरलेला दर, ठरलेला रंग, आणि त्यांना काही नाही. हा माझा एकसष्ट पानांचा मुद्दा होता आणि आजही आहे. या कायद्यात आधी 'संबंधित बाजारपेठ' निश्चित करावी लागते, म्हणजे भांडण नेमके कोणत्या ग्राहकासाठी आहे ते सांगावे लागते. परिच्छेद सहामध्ये मी लिहिले, 'उदाहरणार्थ, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, उजवा गुडघा दुखरा, अशी नियमित प्रवासी स्त्री.' आमच्या वकीलबाईंनी विचारले, "ह्या कोण?" मी म्हणालो, कोणीही असू शकेल. "मग डावा गुडघा ठणठणीत आहे हे कसं कळलं तुम्हांला?" तरुण मंडळी फार खोलात शिरतात. विनंतीच्या कलमात 'कंपनीच्या गाड्यांना मनाई करावी' यापुढे मी 'विशेषतः मंगळवारी, दहा ते साडेअकरा' असे म्हटले होते. ते शब्द त्यांनी खोडले. अंतिम प्रतीच्या मजकुरात मी ते पुन्हा घातले नाहीत. तळटीपेत घातले.

येथवर सर्व सुरळीत होते. परंतु दादा, माणसाला त्याची व्यवस्थितताच कधी कधी गोत्यात आणते. तक्रारीला परिशिष्ट क आणि ख जोडून झाल्यावर मला वाटले की, कंपनीचा अनागोंदी कारभार दाखवायचा तर शेजारी शिस्तीचा नमुनाही ठेवला पाहिजे. म्हणून वकीलबाईंना न विचारता (बाई त्या दिवशी रजेवर होत्या, आणि आयोगाची कागद घेण्याची खिडकी चारला बंद होते) मी आमच्या स्टँडची नियमावली परिशिष्ट ग म्हणून स्वहस्ते दाखल केली. चौतीस नियम, सर्व मीच रचलेले, सेहेचाळीस सभासदांच्या सह्या, प्रत्येक पानावर शिक्का, आरंभी अनुक्रमणिका. नियम नऊ: प्रवाशाने नंबरात पहिल्या असलेल्या टॅक्सीतच बसावे, निवड करू नये. नियम चौदा: बाहेरच्या टॅक्सीने आमच्या दोनशे पावलांच्या आत प्रवासी घेतल्यास प्रथम समज देण्यात येईल, आणि दुसऱ्या वेळी तिच्या चाकांतील हवा समप्रमाणात कमी करण्यात येईल. नियम एकवीस: जो सभासद ठरलेल्या भाड्यापेक्षा एक पैसाही कमी घेईल, त्याचा नंबर सात दिवस शेवटी लागेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर हात दाखवला, त्यावर शिक्का मारला आणि तीन प्रतींत दाखवला.

सुनावणीचे दालन प्रशस्त होते. पाण्याच्या प्रत्येक पेल्यावर कागदी टोपी होती, आणि घड्याळ दोन मिनिटे पुढे होते (मी शिपायाच्या निदर्शनास आणून दिले, त्याने आभार मानले नाहीत). माझे निवेदन एक तास दहा मिनिटे चालले. कंपनीची वकील, आपल्या धाकट्या मुलीच्या वयाची असेल, उठली, आणि म्हणाली की इतकी निर्दोष अनुक्रमणिका तिने तिच्या कारकिर्दीत पाहिलेली नाही. मी उभा राहून आभार मानले. मग ती म्हणाली, "परिशिष्ट ग, पान सात," आणि खाली बसली. एवढाच तिचा युक्तिवाद. आयोगाच्या प्रमुखबाईंनी पान सात वाचले, चष्मा पुसला, आणि पुन्हा वाचले.

"हा नियम एकवीस कोणी केला?"

"मीच, मॅडम."

"म्हणजे कमी भाडं घेणाऱ्याला तुम्ही शिक्षा करता?"

"त्याच दिवशी, मॅडम. विलंब होत नाही." (येथे वकीलबाईंनी माझ्या कोटाचे टोक ओढले. मला वाटले, शिवण उसवली आहे हे सुचवतात.)

"आणि हे 'समप्रमाणात' म्हणजे काय?"

"चारही चाकांतून सारखी हवा काढतो, मॅडम. एकाच बाजूची काढली तर गाडी कलते, समोरच्याचं नुकसान होतं."

दालनात हशा पिकला. मी विनोद केला नव्हता.

त्यानंतर जे घडले ते लिहिताना लेखणी जड होते. कंपनीसाठी गाडी चालवणाऱ्या दोघांना आयोगाने बोलावले होते. पहिला आला नाही. दुसरे आपले साडू. इस्त्रीचा शर्ट, आणि तेच दंड. मला वाटले, आता हे कंपनीची तळी उचलणार. मनातल्या मनात मी उलटतपासणीचे सतरा प्रश्नही मांडून ठेवले. साडू उठले आणि म्हणाले, "मॅडम, भाडं कधी वाढतं, का वाढतं, मला कळत नाही. प्रवाशाला स्वस्त पडतं ना, ते माझ्या खिशातून पडतं. मागं चार दिवस त्यांनी माझं काम बंद केलं. विचारायला गेलो तर तिथं माणूसच नाही, मशीन बोलतं. स्टँडवर निदान भांडायला सेक्रेटरी तरी असतो."

एवढेच बोलून बसले. दादा, मी एकसष्ट पानांत जे सिद्ध करू शकलो नाही ते या गृहस्थांनी एका दमात सिद्ध केले. तेही माझ्या बाजूने, आणि मला न विचारता! प्रमुखबाईंनी ते शब्दशः उतरवून घेतले. (माझ्या निवेदनाच्या वेळी त्यांच्या लेखणीला टोपण होते. मी पाहत होतो.) आई आणि आपली भगिनी (म्हणजे आमची सौभाग्यवती) मागच्या रांगेत होत्या, अर्थात साडूंच्या गाडीने आलेल्या. साडू बसताच आई मोठ्याने "बरोबर आहे!" म्हणाल्या. माझ्या निवेदनात त्यांनी तोंड एकदाच उघडले, ते जांभईसाठी. शत्रूने हरवले असते तर मी ते शांतपणे सोसले असते. पण ज्याच्याविषयी असूया नाही अशा माणसाने आपल्याला जिंकून द्यावे, यासारखा दुसरा छळ नाही.

आदेश दोन्हीकडे झाला. कंपनीची रीतसर चौकशी होणार. भाडे कसे ठरते ते तिला उघड करावे लागेल, आणि कारण दिल्याशिवाय कोणाचे काम बंद करता येणार नाही. हे सर्व 'चालकाच्या निवेदनावरून'. आणि आमच्या स्टँडने नियम नऊ, चौदा व एकवीस तीस दिवसांत रद्द करून तसा अहवाल द्यावा. हे 'तक्रारदाराने स्वतः सादर केलेल्या परिशिष्टावरून'. बाहेर आल्यावर आमचे अध्यक्ष (पूर्वी पंक्चर काढीत, म्हणून सर्व त्यांना टायरशेठ म्हणतात) मला म्हणाले, "सेक्रेटरी, घरातली उणीदुणी शिक्का मारून द्यायला कोणी सांगितलं होतं तुम्हांला?" आणि सेहेचाळीस सभासद साडूंना चहा पाजण्यास घेऊन गेले. मलाही बोलावले, नाही असे नाही. साडूंनीच बोलावले. म्हणाले, "भाऊ, चला हो, तुमच्यामुळं तर बोलायला मिळालं." मनात काही नसलेला माणूस किती त्रासदायक असतो, हे मला त्या दिवशी समजले. मी चहा घेतला. गोड होता.

असो. आपला वेळ घेतला. कंबरेस जपावे. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. लोभ आहेच, त्यात घट होऊ देऊ नये.

आपला आज्ञाधारक,
थोरला मेहुणा

ता. क. १ – मंगळवारचा विषय मी मनातून काढून टाकला आहे. आईंनी कोणाच्या गाडीत बसावे हा सर्वस्वी त्यांचा अधिकार. प्रवाशाच्या निवडीचे स्वातंत्र्य आयोगानेही मान्य केले आहे.

ता. क. २ – वरील विधानास पुढील पुरवणी जोडून वाचावे. गेल्या शुक्रवारी मी माझी टॅक्सी त्याच कंपनीकडे नोंदवली. हेतू एवढाच की, मीही येताना दिसावे. तक्रार मागे घेतलेली नाही. तक्रारदार आणि चालक या दोन स्वतंत्र भूमिका आहेत, आणि त्या मी निरनिराळ्या वेळी पार पाडतो. स्टँडवर हे कळू न देण्याची कृपा करावी. साडू दोन गल्ल्या अलीकडे उभे राहतात. मी एक.

ता. क. ३ – काल मंगळवार होता. फेरी मला लागली. (साडूंनी लांबून हात हलवला. मी आरसा पुसत आहे असे दाखवले.) आई दार उघडून "अगोबाई, तुम्ही होय!" म्हणाल्या, आणि मी वळताना फोनवर दिसलो, हे त्यांनी आपण होऊन सांगितले. दवाखान्यापर्यंतचा रस्ता मला फार लहान वाटला. उतरल्यावर त्यांनी फोनवर मला तारे दिले. चार. कंपनीकडे माझी ही एकमेव फेरी असल्यामुळे माझी सरासरीही चारच दिसते, तेव्हा आकड्यात चूक संभवत नाही. साडूंना त्या पाच देतात, असे आपल्या भगिनीकडून समजते. आपण त्यांचे थोरले चिरंजीव. आपल्याला त्या खरे सांगतील. पाचवा तारा कशापायी कापला, हे माझे नाव न घेता आडून विचारावे, आणि उत्तर परतीच्या टपालाने कळवावे. कोणताही दोष असो, सुधारण्यास मला सहा दिवस पुरतात.