आवाज बंद ठेवलेला व्हिडिओ

दादा,

मेंदूच्या सर्जनांच्या परिषदेतलं तुझं भाषण पाहिलं. पडद्यावर आपले अप्पा, हातात काठोकाठ भरलेला कप, आणि एक थेंब सांडत नाही. केवढ्या टाळ्या!

एमआरआय मीच काढला होता. कंपवातामुळे अप्पांचं डोकं हललं आणि मेंदूत खोलवर असलेला मसुरीएवढा ठिपका, जिथे तू कंप थांबवणारी विजेची तार बसवणार होतास, तो चित्रात पुसट आला. "भूल देऊन पुन्हा काढते," म्हटलं, तर तू खेकसलास, "मला शिकवू नकोस. पुस्तकातल्या नकाशावरून जागा ठरवतो. सगळ्यांचा तिथेच असतो."

अप्पांचा नव्हता. तार दोन मिलिमीटर बाजूला बसली. हाताचा कंप थांबला, पण जीभ लुळी पडली. तार सरकवायला दुसऱ्या ऑपरेशनचं नाव काढलं की तू विषय बदलतोस, कारण चूक उघडी पडेल.

व्हिडिओचा आवाज तू बंद ठेवलास, पण त्यांचे ओठ हलतात. लोकांना वाटलं, मुलाचं कौतुक करताहेत. मी रोज ते ओठ वाचते, दादा. ते म्हणताहेत, "पुरे कर."

तुझी किळस येते, एवढंच लिहून पाठवणार होते. पण त्या एमआरआयच्या अहवालावर 'चित्र स्पष्ट आहे' असं लिहिलंय, आणि त्याखाली सही माझी आहे.

तुझीच बहीण
(इथे सही करवत नाही)