आक्काचा सांजचा पाय

बोरगाव, ता. ५ जानेवारी २०२५

ती. मालूआक्कास धाकट्या बेबीचा शि. सा. न. वि. वि.

फोन हातात घेतलता, पण जे सांगायचंय ते बोलाय तोंड झालं न्हाय, म्हणून चौथी शिकलेल्या हातानं लिवते.

आधी गोड. माझी नात श्रिया काल सांजंला अंगणात फुगडी घालत होती! सांजंला गं! दोन वर्षं सकाळी हरणागत पळायची आणि दिवस कलला की पाय आत वळून पडायची. शाळेत म्हणायचे, सोंग करती. बेळगावच्या नसांच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, तर जीन बिघडलेला. त्यानं मेंदूतला एक रस कमी पडतो, झोपलं की जरा भरतो, दिवसभरात सरतो. त्या रसाची गोळी दिली आणि चार दिवसांत पोरगी उभी. त्योच जीन काही कॅन्सरात लई माजतोय म्हणं, तिथं त्याला आवराय औषध शोधाय लागल्यात. एकीकडं चारा, दुसरीकडं वेसण! लिवता लिवता चहा गार झाला बघ.

आक्का, तुझा पाय बी असाच वळायचा की. सांजच्या भाकरीच्या वक्ताला तू बसलीस की मी कामचुकार म्हणायचे. तुला बघाय आलेल्या पाव्हण्यांम्होरं बी म्हटलं. आपल्या भाचेसुनेला, रूपालीला घेऊन तू बी तपासून ये.

राग धर, पण लोभ सोडू नको.

तुझी बेबी

येळ्ळूर, ता. १४ जानेवारी

चि. बेबीस अ. उ. आ.

श्रियाचं वाचून जीव सुपाएवढा झाला. तिला माझी म्हणून तिळाची वडी दे. मला तपासणी नको. साठ वर्षं सोंग सोंग ऐकलं. आता रक्तात काय न्हाय निघालं, तर सोंगच ठरंल गं. त्यापेक्षा काठी बरी.

मालू

बोरगाव, ता. २ फेब्रुवारी

ती. आक्कास शि. सा. न.

डॉक्टरनं माझं आणि लेकाचं, आशिषचं बी रक्त घेतलतं. माझ्यात त्योच जीन हाय! माझ्याकडनं लेकाला, त्याच्याकडनं श्रियाला. काहींना असून बी त्रास होत न्हाय म्हणं. म्हंजे मी सुटले, तू सापडलीस, आणि सुटलेलीनंच तुला बोल लावले. आता तपासून माझं तोंड बंद कर. श्रिया म्हणती, मोठ्या आज्जीला सांग, सुई मुंगीएवढीच चावती.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी बेबी

येळ्ळूर, ता. ९ मार्च

चि. बेबीस अ. उ. आ.

निघाला! कागद वाचून दाखवला तशी मी दवाखान्याच्या दारातच रडले. रूपाली घाबरली, काय वंगाळ निघालं म्हणून. तिला म्हटलं, अगं, मी खरी निघाले.

पाव गोळीनं सुरुवात केली. आठवड्यात पाऊल सरळ पडाय लागलं. जुना वाकडेपणा थोडा ऱ्हाईल म्हणाले डॉक्टर. म्हटलं, ऱ्हाऊ दे. परवा दिवस बुडायच्या टायमाला येळ्ळूरच्या गडावर चढले. रूपाली गाडी काढते म्हणत होती, तिला बी चालवलं.

माफ केलं का, ते पत्रात विचारू नको. म्होरं बसवून भांडल्याशिवाय मला जमायचं न्हाय. गुरवारी निपाणीत उतरून तिथनं सांजच्या गाडीनं येते. ष्ट्यांडावर कुणाला पाठवू नको. चालत येते.

लोभ हायच, वाढवायचा का, ते भांडून झाल्यावर ठरवू.

तुझी मालूआक्का