देवघरातलं इंजिन

हिंगणघाट,
ता. २३ सप्टेंबर १९५७

प्रिय भाऊ,

कारंज्याला तुझं बरं चाललं आहे, हे तानबाकाकांच्या जावयाकडून कळलं. रस्त्याच्या कडेनं विजेचे खांब उभे करतोस, ढाब्यावर जेवतोस आणि अंगानं चांगला सुटला आहेस म्हणे. सख्ख्या बहिणीला ही बातमी दुसऱ्याच्या जावयाकडून कळावी याचा मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. तीन वर्षं तू या घराचा उंबरा शिवलेला नाहीस. माय अजून सणावाराला तुझंही ताट मांडायला घेते, मग लक्षात आलं की मुकाट्यानं फडताळात ठेवून देते. हे आधीच लिहून मोकळी होते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.

बाबा तब्येतीनं ठीक आहेत. कापसाच्या जिनात मात्र त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. शेटजींनी दोनदा माणूस पाठवला, विजेच्या नव्या मोटारीवर देखरेख करा म्हणून. बाबांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. तू मोटार बसवणाऱ्या टोळीत होतास, खात्यानं पाठवलं म्हणून आलास, हे मला तेव्हाही समजत होतं. पण ज्या इंजिनाला बाबांनी जन्मभर तेलपाणी केलं त्याचा पट्टा तूच उतरवलास, तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. "माह्याच पोरानं माह्या हातचं काम नेलं," एवढंच ते बोलले होते. तू गप्प बसला असतास तर निभावलं असतं. कोळशाचे दिवस सरले, हे त्यांना चारचौघांत सुनवायची काही गरज नव्हती. त्या दिवसापासून या घरात ‘डोमा’ हे नाव घ्यायची चोरी झाली आहे.

आता नवीन हकिकत. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारावरून चालली होती. बाबा आणि तानबाकाका ओट्यावर बसले होते. तानबाकाकांना बोलल्याशिवाय राहवतं थोडंच. म्हणाले, "याच्या पोरानं एका साली बैलाच्या जागी इंजिन आणलंतं, आठवते काय?" तुला आठवतं ना? मायचा पितळी डबा लंपास करून तू आणि बाबांनी त्याचा बॉयलर केला होता, सायकलच्या पंपाचा सिलिंडर आणि भंगारातल्या शिवणयंत्राचं चाक. बापलेक सगळा उन्हाळा डाख देत बसले होते, आणि माय घरभर डबा शोधत होती. मी त्याला झूल शिवली. मिरवणुकीत तुझं इंजिन फुसफुस करत होतं आणि बाकीच्यांचे बैल आपले मुके. पंचांनी शिंगं नाहीत म्हणून बक्षीस नाकारलं, तेव्हा बाबा त्यांच्याशी तासभर भांडले. "कडबा नाई खात, कोळसा खाते. कामाले कोन्या बैलाहून कमी हाये काय?" असं विचारत होते. त्या दिवशी तुला खांद्यावर घेऊन घरी आले होते, इतका मोठा घोडा असून.

तानबाकाका गेल्यावर बाबा आत येऊन देवघरापुढे उभे राहिले. हे तुला माहीत नसेल. तू गेलास त्या आठवड्यात बाबा ते इंजिन भंगारवाल्याला द्यायला निघाले होते. मायनं ते हिसकावून घेतलं आणि सरळ देवघरात ठेवलं, मारुतीच्या शेजारी. देवाच्या वस्तूला बाबा हात लावणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक. तोवर ठीक होतं. पण एकदा देवघरात बसवलं म्हटल्यावर तिला ते नुसतं ठेवणं बरं वाटेना. दर शनिवारी मारुतीला तेल-शेंदूर लावताना इंजिनालाही लावू लागली. तुला सुखरूप ठेव म्हणून. तीन वर्षांचा शेंदूर, भाऊ. झडप बुजली, दट्ट्या चिकटला, चाकाचे आरे दिसेनासे झाले. ओळख नसलेला माणूस त्याला देवच म्हणाला असता.

बाबा कानस घेऊन बसायला निघाले, तर माय आडवी आली. "देवाले कानस लावता काय? पोरगं तिकडं तारांमंदी काम करून राह्यलं, अन् तुमी इकडं..." असं म्हणून रडायलाच लागली. तीन वर्षांनी घरात तुझा उल्लेख झाला तो असा. बाबा चिडले नाहीत. खाली बसले आणि तिला म्हणाले की, देवाचंही कवच कधीकधी उतरते, ते नदीत सोडायचं असते, त्यात पाप नाई. मग मायनंच गरम पाणी केलं. दोघांनी बसून तो शेंदूर फडक्यानं सोडवला. माय तो पदरात बांधून वणा नदीत सोडून आली आणि देवघरातली जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथं सुपारी ठेवली. मला हसू येत होतं, पण मी हसले नाही.

त्यानंतर बाबा माणसात आले, असंच म्हणायला हवं. सकाळी उठले की बैठक ओट्यावर. दट्ट्याला नवं कातडं घातलं, झडप घासून काढली, डब्याचा फुटका सांधा पुन्हा झाळला. पहिल्यांदा चाक फिरलं तेव्हा मायनं आधी हळदकुंकू वाहिलं, पण या खेपेला झडपेपासून हात दूर ठेवून. मग बाबा बाजारातून सायकलचा डायनामो आणि एक इवलासा दिवा घेऊन आले. कशाला, विचारलं तर म्हणाले, "असाच." या माणसानं घरात विजेचा दिवा घ्यायला नकार दिला होता, हे तुला सांगायला नको.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. गेल्या मंगळवारी दुपारी मी विहिरीवरून पाणी घेऊन आले. मागच्या दारानं आत आले तर खिडकीतून ओट्यावरचे बाबा दिसले. इंजिन चालू होतं, पट्टी डायनामोवर फिरत होती आणि दिव्यातली तार आधी लाल, मग पिवळी झाली. दिवा लागला, भाऊ. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले, कोणाला हाक मारली नाही. मग जाळ विझवला, डायनामोपासून दिव्याकडे जाणारी एक तार स्वतःच सोडवली, बोटाला गुंडाळली आणि बंडीच्या खिशात घातली. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "चाक फिरते, पन दिवा काही लागत नाई. हे माह्या डोक्याबाहेरचं हाये. डोमाले विचारा लागन." भाकरी वाढता वाढता मायचा हात थांबला. मी मान खाली घालून जेवत राहिले. त्यांनी मला पत्र लिही म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाहीत. तू दसऱ्याला ये. आल्याबरोबर दोष काढून दाखवू नकोस, तुझी ती जुनी खोड आहे. डायनामो खोल, दिवा काढून बघ, डोकं खाजव, चांगला वेळ लाव. बंडी धुवायला काढली तेव्हा तार मला सापडली, मी ती होती तशी परत ठेवली आहे. सगळं बघून झालं की बाबांनाच विचार, घरात एखादी तार आहे काय म्हणून.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच,
जयवंता