वॉर्ड सात, भिंत आणि कंपाउंडर

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी २.
अर्ज भरला. वॉर्ड नंबर सात. आघाडीचं नाव 'स्पष्टवक्ता नागरिक आघाडी'. सभासद सध्या दोन. अध्यक्ष मी, सरचिटणीस मेहुणा. मेहुण्याचं मत दुसऱ्या वॉर्डात आहे, पण उत्साह आपल्याच वॉर्डातला आहे.

आमच्या गावात मोठ्या पक्षांना कुणी विचारत नाही. प्रत्येक गल्लीची आपली आघाडी, आणि ती फुटली की 'खरी' आघाडी. तेव्हा नवी काढली म्हणून काही बिघडत नाही.

उभं राहण्याचं कारण तत्त्वाचं आहे. वैयक्तिक काही नाही. कंपाउंडर आणि मी चाळीस वर्षांचे दोस्त. तो पाच वेळा निवडून आला आणि पाचही वेळा त्याच्या भिंती मी रंगवल्या. त्याचं नाव, त्याचा कंदील, सगळं माझ्या हातचं. या खेपेला त्याच्या कंदील आघाडीनं फ्लेक्स छापून आणले. मला विचारलंसुद्धा नाही. फ्लेक्सवर त्याचे दात पांढरे केलेत. चाळीस वर्षं मी ते दात बघतोय, तंबाखूनं कसे झालेत ते मला ठाऊक आहे.

पुन्हा लिहितो, राग नाही.

४ नोव्हेंबर.
चहावाल्याच्या हाती कंपाउंडरचा निरोप आला. म्हणाला, बरं झालं, एकदा तरी समोर लायक माणूस उभा राहिला. सरळ सरळ टोमणा! ही म्हणाली, टोमणा कसला, कौतुक केलंय त्यांनी, जाऊन भेटा. मी म्हणालो, निवडणूक संपेपर्यंत भेटणार नाही. मग दोघं बसून हसू. वीस दिवसांचा तर प्रश्न आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
चिन्ह मिळालं. मी ब्रश मागितला होता. ब्रश यादीत नाही. शिडी मागितली, ती बेकरीवाल्यानं आधीच घेतली. तो 'खरी बाजार आघाडी'चा. पाव भाजणाऱ्याला शिडी कशाला लागते, देव जाणे. उरलं होतं कपबशी, चप्पल आणि उशी. कपबशी घेणार इतक्यात शेजारच्या वॉर्डाच्या बाईंनी ती उचलली. उशी घेतली.

मेहुणा म्हणाला, उशी म्हणजे विश्रांती, विश्रांती म्हणजे समृद्धी. ही म्हणाली, तुमचा प्रचार तर रोज दुपारी जेवणानंतर चालूच असतो. 

संकल्प: (१) रोज पन्नास घरं. (२) गुडघ्याला तेल. (३) कंपाउंडरबद्दल वाईट बोलायचं नाही, फक्त फ्लेक्सबद्दल बोलायचं.

१० नोव्हेंबर.
पन्नास घरं ठरली होती, नऊ झाली. पण गुणवत्ता पाहावी. नऊही घरांनी बसायला खुर्ची दिली. वहीत लिहिलं: खात्रीची मतं ३१.

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी १०.
कंपाउंडर गेला.
सकाळी दाढी करताना. आरशासमोर. अर्धी दाढी झाली होती म्हणे.

संध्याकाळी ६.
जाऊन आलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, या भावजी, उशीर केलात. एवढंच. कंपाउंडरचा एक गाल गुळगुळीत, एक खरखरीत. कुणाच्या लक्षात आलं नसावं. मला नेमकं तेच दिसत राहिलं.

आज प्रचार बंद.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
निवडणूक कचेरीत जाऊन आलो. विचारलं, आता त्याच्या नावाचं काय. कारकून म्हणाला, मतपत्रिका छापून झाल्या, नाव काढता येत नाही. क्रमांक एक बेकरीवाला, दोन कंपाउंडर, तीन तुम्ही. मी म्हणालो, अहो पण तो नाही ना आता. तो म्हणाला, काका, आमच्या कागदावर आहेत.

घरी येताना शांतपणे विचार केला. आता त्याची जागा रिकामी. तिच्यावर नैसर्गिक हक्क कुणाचा? चाळीस वर्षांच्या दोस्ताचा. लोक माझ्याकडे त्याचा वारस म्हणूनच बघणार. दुःखाची गोष्ट आहे, पण मतांच्या दृष्टीनं आशादायक. हे वाक्य लिहून झाल्यावर खोडावंसं वाटलं. खोडलं नाही, कारण रोजनिशीत खाडाखोड करत नाही.
खात्रीची मतं: १९०.

१४ नोव्हेंबर.
पाण्याच्या टाकीची भिंत रंगवायला घेतली. वॉर्डातली सगळ्यात मोठी भिंत, जाणारा-येणारा प्रत्येक माणूस तिथं थांबतो. तिच्यावर मागच्या खेपेचं कंपाउंडरचं नाव होतं, तांबड्या ऑइलपेंटमध्ये. त्यावर पांढऱ्या डिस्टेंपरचा एक हात मारला. शिडीवर जरा हललो. वारा होता.

दुपारी चारच्या सुमाराला मागं कुणीतरी खाकरलं. तो खाकरायचा तसंच, आधी बारीक आणि मग मोठ्यानं. वळून पाहिलं. कुणी नव्हतं. चुन्याची धूळ घशात जाते माणसाच्या. माझ्याच गेली असणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
भिंतीवर तो परत आला.
म्हणजे नाव. रात्रीत पांढऱ्यातून तांबडं वर आलं. आधी गुलाबी, दुपारपर्यंत चांगलंच लाल. पहिलं अक्षर, मग आडवी रेघ, मग कंदिलाची काच. तो तांबडा मी स्वतः जवसाच्या तेलात घोटला होता. दोस्ताचं काम म्हणून डबल. आपलंच चांगलं काम असं आडवं येतं.
दुसरा हात मारला.

१६ नोव्हेंबर, रविवार.
परत आला. तिसरा हात मारला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं ही म्हणाली. मी म्हणालो, भिंतीत ओल आहे. ती म्हणाली, ओल तुमच्या डोळ्यांत आहे. मी म्हणालो, डिस्टेंपर झोंबतं.

आज सोळा घरं केली. प्रत्येक घरात तोच. पहिल्या घरातली म्हातारी म्हणाली, माझ्या सुनेच्या बाळंतपणात तो मध्यरात्री उठून आला होता हो. दुसऱ्या घरात, आमचा नळ त्यांनीच आणला. तिसऱ्यात नुसतं त्याच्या फ्लेक्सकडे बोट दाखवलं. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. पण नळ खरंच त्यानं आणला होता, आणि खड्डा खणताना फावडं मी धरलं होतं. हे मी सांगितलं. लोक म्हणाले, हो, तुम्ही त्यांच्याबरोबरच असायचात.
'बरोबरच असायचात'. याचा अर्थ लोकांना मी आठवतो. खात्रीची मतं: ३४०.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
भिंत पूर्ण. माझं नाव निळ्यात, खाली उशी. सुंदर काम. उशीला झालरसुद्धा काढली. उन्हात वाळेपर्यंत समोरच्या कट्ट्यावर बसलो.
चार वाजता उशीच्या बरोब्बर मधोमध कंदील उगवला.
आता चित्र असं दिसतं की कंदील उशीवर डोकं ठेवून झोपलाय. चहावाला म्हणाला, छान केलंत, त्यांना निवांत झोप लागू दे. जाणारे-येणारे थांबून हात जोडतात. एकीनं भिंतीखाली फुलं ठेवली. मेहुणा म्हणाला, फुलं उशीलाच वाहिलीत. त्याच्यावर विश्वास ठेवायचं मी ठरवलं आहे.

माणसं गेल्यावर भिंतीला हळूच म्हणालो, गड्या, आता तरी सर बाजूला. खाकरणं ऐकू आलं. या वेळी मी तोंड मिटून उभा होतो, हे नमूद करतो.

१९ नोव्हेंबर.
नवा संकल्प: भिंतीशी बोलायचं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ११.
वहिनींकडे गेलो. पाठिंब्याचं पत्रक मागणार होतो. 'माझ्या पतींचे कार्य पुढे नेण्यासाठी' वगैरे मजकूर मेहुण्यानं लिहून दिला होता, तो खिशात होता.

वहिनींनी चहा केला. आरशासमोर त्याचा दाढीचा ब्रश अजून तसाच उभा. त्या म्हणाल्या, भिंत पाहिली, भावजी. उशी आवडली. मग म्हणाल्या, तुम्ही त्या फ्लेक्सवरनं चिडलात ना? मी म्हणालो, छे, तत्त्वाचा प्रश्न होता. त्या म्हणाल्या, ते फ्लेक्स यांनीच सांगून करून घेतले. मागच्या निवडणुकीत तुम्ही शिडीवर थरथरताना यांनी पाहिलं होतं. आघाडीच्या पोरांना दम भरला, त्याला पुन्हा शिडीवर चढवाल तर याद राखा. आणि गुडघ्यांचं कारण सांगू नका, तो भडकतो. नुसतं फ्लेक्स छापा आणि गप्प बसा. तुम्ही अर्ज भरलात तर हे हसले. म्हणाले, गुडघे वाचले, आता शिव्या खाईन थोड्या. वीस दिवसांनी समजूत काढतो त्याची.

चहाला साखर जास्त होती. पत्रक खिशातच राहिलं.

दुपारी ४.
माझे गुडघे ठणठणीत आहेत. त्याला काय करायच्या होत्या चौकशा. कंपाउंडर होता, डॉक्टर नव्हता.

भिंतीकडे गेलो नाही. आज खाकरणं घरात ऐकू आलं. हिला विचारलं, तुला आलं का ऐकू. ती म्हणाली, नाही. मग म्हणाली, बसू द्या हो त्यांना, जागा काय कमी आहे.

२१ नोव्हेंबर.
मेहुण्यानं सांगितलं, भिंत चौथ्यांदा रंगवू, आता आधी लाखेचा हात मारू, लाखेतून काही वर येत नाही. खरं आहे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चाळीस वर्षं भिंती रंगवतोय. तांबड्यावर आधी लाख मारायची, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. 
विसरलो असेन.
मेहुण्याला म्हणालो, लाख महाग झालीये. राहू दे.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
प्रचार संपला. वहीची बेरीज: खात्रीची मतं ४१२. चहावाला माझा सूचक आहे, त्यानं आज दुकानातून हात हलवला. बेकरीवालाही वाटेत भेटला, म्हणाला, काका, आपण दोघं भुताशी लढतोय. मी त्याला सुनावलं, तोंड सांभाळून बोल, माझा दोस्त आहे तो. तो म्हणाला, अहो, पण तुम्ही त्यांच्याविरुद्ध उभे आहात ना? मला घाई होती, निघालो.

निवडून आल्यावर करायच्या गोष्टी: टाकीजवळ एक बाक. त्यावर कुणाचं नाव घालायचं ते नंतर ठरवू.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १.
मतदान केलं. शाळेची खोली, पुठ्ठ्याचा आडोसा, दोरीला बांधलेला शिक्का. पत्रिकेवर खाली मी, वर तो. छापील अक्षरं वाईट, काना सगळा वाकडा. मी लिहिलं असतं तर असं झालं नसतं. आत बराच वेळ लागला. बाहेरून बाई म्हणाल्या, काका, झालं का? मी म्हणालो, शाई नीट लागत नाही.
शिक्का मारला. कुठं ते लिहीत नाही. कायदा आहे.

चार वाजले, पाच वाजले. कुठंही काही खाकरलं नाही. दोनदा मुद्दाम रेडिओ बंद करून बघितला.

२४ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी ३.
निकाल.
कंपाउंडर ६११. बेकरीवाला २८८. मी १.

कारकून म्हणाला, विजयी उमेदवार हयात नसल्यामुळे पुन्हा निवडणूक घ्यावी लागेल, अर्ज पुढच्या महिन्यात. मेहुणा लगेच म्हणाला, एकपासूनच सुरुवात होते. मी त्याला सरचिटणीस पदावरून मोकळं केलं.

चहावाल्याला गाठलं. म्हणालो, अरे, तू माझा सूचक. तो म्हणाला, काका, सही तुम्हाला दिली, मत त्यांना. दोन्हीकडे माणूसच ना.

घरी येऊन हिला सांगितलं, एक मत पडलं. स्वतःवर विश्वास असावा लागतो माणसाचा, निदान एका मताएवढा तरी. ही भांडी पुसत होती. म्हणाली, ते माझं आहे. मी म्हणालो, कशावरून? ती म्हणाली, पत्रिकेवरच्या उशीवर मारताना शिक्का जरा फिरला, तिच्या छापील झालरीवर डाग पडला. मोजणाऱ्यांनी दाखवला असेल. त्यांनी दाखवला होता. झालरीवर डाग होता.

मग तिनं पातेलं खाली ठेवलं आणि विचारलं, तुमचं कुठं गेलं हो?
मी म्हणालो, मतदान गुप्त असतं.
 ती माझ्या शेजारी येऊन बसली.

नोंदीसाठी: कंपाउंडरला पडलेली मतं खरी सहाशे दहाच. एक दोस्तीचं होतं. ते निवडणुकीत धरायचं नसतं.