समोरच्याचा उजवा

३ तारीख
पहिला दिवस छान गेला! खोलीत भरपूर उजेड, संगणकाचे दोन मोठे पडदे आणि मागे रेलता येईल अशी खुर्ची. काम असं: सीटी स्कॅनमधलं त्रिकास्थी बघायचं, म्हणजे कण्याच्या तळाशी पाचरीसारखं बसलेलं हाड, आणि तडा कुठून गेलाय ते ठरवायचं. या हाडात दोन्ही बाजूंना भोकांची रांग असते, त्यांतून पायांच्या नसा निघतात. तडा भोकांच्या बाहेर असेल तर पहिला विभाग. भोकांतून गेला तर दुसरा. आत, मधल्या नळीपर्यंत पोचला तर तिसरा, आणि मग पायांचं काही खरं नाही. तडाच नसला तर 'अभंग'. शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, अभंग आला की गायला बसायचं नाही, पुढे जायचं.

भिंतीपलीकडे स्कॅनचं मशीन आहे. त्यातला आवाज प्रत्येक रुग्णाला सांगतो: श्वास घ्या. रोखून धरा. सोडा. ताई म्हणाल्या, आठवड्याभरात तूही त्याच्या तालावर श्वास घेशील. मी दुपारपासूनच घेतेय.

४ तारीख
मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, हे सगळं कुठे शिकलीस? घरीच, म्हटलं. आई एक्स-रे काढायची. स्वयंपाकघराच्या खिडकीवर फिल्म लावून, भाजी निवडता निवडता ती मला हाडं शिकवायची. पहिला धडा: चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्याचा उजवा हात तुझ्या डावीकडे. भेटायला आलाय असं समज. दुसरा धडा: हाड सांगेल तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही.

त्या खिडकीवर आम्हा दोघींच्याही फिल्म लागल्या होत्या. कण्याचा शेवटचा मणका त्रिकास्थीला एकाच बाजूने चिकटलेला. तिचा उजवीकडे, माझा डावीकडे. आई म्हणायची, नाक बापाचं घेतलंस, हाड माझं घेतलंस, तेही आरशात बघून.

६ तारीख
आज पहिल्याच चित्रात मणका चिकटलेला, उजवीकडे. थेट आईसारखा! नाव आणि वय काढून टाकलेलं असतं, त्यामुळे कोण ते कळत नाही. भोकांच्या बाहेर बारीकसा तडा होता. पहिला विभाग, खूण केली.

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. पायरीवर घसरून आपटले, कमरेखाली जरा दुखतंय, काळजी करू नकोस म्हणाली. मला काळजी करू नकोस म्हणणं म्हणजे आमंत्रणच.

७ तारीख
तेच चित्र परत आलं. तडा आता भोकांतून गेलेला.

ताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, चुकून दोनदा आलं असेल, आणि अशी हाडं पैशाला पासरी मिळतात, तू फार विचार करतेस. करते खरी. चार वेळा तपासलं. दुसरा विभाग. खूण केली.

घरी फोन केला तर आई हसत म्हणाली, पायाला मुंग्या येतायत, मुंग्यांना माझंच घर सापडलं.

८ तारीख
परत तेच. तडा नळीच्या काठावर, केसभर अंतर उरलंय.

'अभंग' दिलं. हाडाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि तेच चित्र परत आलं. केसभर अंतरही आता उरलं नव्हतं. तेवढ्यात बाबांचा फोन. बाबा कधीच फोन करत नाहीत. आईला उभं राहवत नाहीये, म्हणाले, पायात जीवच नाही.

मग मला टेबल दिसलं. रुग्ण टेबलावर उताणा असतो, म्हणून टेबलाची रेघ चित्रात खाली, पाठीशी असते. इथे ती वर होती. पोटाशी, छतासारखी. म्हणजे ही बाई पालथी होती. पाठ खाली दिसावी म्हणून कुणीतरी चित्र वरचं खाली केलंय. तसं केलं की बाजू फसतात. उजवीकडे दिसतो तो मणका खरा डावीकडे आहे.

ही आई नाही.

रुग्णाला पालथं कधी ठेवतात, असं मी ताईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, पाठ टेकवतच नसेल तेव्हा.

'बाजू बदला' असं बटण आहे. न दाबलं तर चूक कुणाच्याही लक्षात येणार नाही. चित्र आईचंच राहील. दाबलं तर—

पदरचं काही घालायचं नाही.

दाबलं. तिसरा विभाग. खूण केली.

८ तारीख, संध्याकाळ
आई उभी राहिली! स्वतः उठून ओट्याशी गेली आणि भांडी नीट न लावल्याबद्दल बाबांना बोलली. मला ते फोनवर ऐकू येत होतं. खूप रडले, आनंदाने.

मी कुठे पडले नाही. आपटले नाही. तरी कमरेखाली, डावीकडे, काहीतरी कटकन—

९ तारीख
कामावर गेले नाही. माझी राहती खोली तळमजल्यावर आहे, पडण्याजोगं उंच काही नाही. दाराला कडी घातली आहे. आईला सांगितलं नाही. ती परत बाजू बदलायला लावेल.

डावा पाय बधिर. आता उजवाही.

गादीवर पाठ टेकवत नाही. म्हणून फरशीवर, पालथी पडून लिहितेय—

पालथी.

फरशी गार आहे. सपाट. पोटाखाली बारीक थरथर—

सरकतेय. मी नाही, फरशी—

भिंतीपलीकडे शिंप्याचं दुकान आहे. मशीन नाही. शिलाईचं आहे फक्त. तरी तोच आवाज—

श्वास घ्या. घेतला.

रोखून धरा. धरलाय. आई, धरलाय—

सोडा म्हणाला की सोडेन— अजून म्हणत नाही— अजून